घर, दोनशे साठ किलोमीटर उत्तरेला

चौसष्ट वर्षांच्या बाईला तिचं घर कुठं आहे असं कुणी विचारू नये, आणि यंत्रानं तर मुळीच विचारू नये. पण शनिवारी दुपारी साडेतीनला लॅपटॉपच्या पडद्यावर एक करडी चौकट उघडली आणि तिनं न्यागुथीला नेमकं तेच विचारलं. ‘प्रोफाइलमधलं ठिकाण आणि जीपीएसनं दिलेलं ठिकाण यांत २६० किलोमीटरचा फरक आहे. कुठलं खरं धरायचं?’ खाली दोन बटणं. न्यागुथीनं चष्मा पुसला, चौकट पुन्हा वाचली. जीपीएस म्हणजे अंगठ्याएवढं काळं डबडं, मुलीनं, मुरिंगोनं, कॅनडाहून कुणाबरोबर तरी पाठवलेलं. ते खिडकीच्या कट्ट्यावर आभाळाकडे तोंड करून मघापासून लाल लुकलुकत होतं आणि आत्ता हिरवं झालं होतं. ते इथं, त्यांच्या गावी बनाना हिलमध्येच होतं यात काही शंका नव्हती, कारण त्याच्या शेजारी तिनंच वाळत ठेवलेली भांडी घासायची घासणी पडली होती. म्हणजे जे दोनशे साठ किलोमीटर लांब गेलं होतं ते प्रोफाइल होतं. आणि त्या प्रोफाइलला नाव गिताहीनं, तिच्या नवऱ्यानं, दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या बोटांनी टाइप केलं होतं: न्युंबानी. घरी.

“सापडले का उपग्रह?” आतल्या खोलीतून गिताहीचा आवाज आला.

“सापडले.”

“किती?”

“नऊ.”

“नऊ म्हणजे झकास. आता पुढं जा, म्वालिमू. काही विचारलं तर हो म्हण.”

तिनं तेहेतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता आणि तो तिला घरातही म्वालिमू, म्हणजे बाईच म्हणायचा. गुरुवारी त्याच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डावा गेल्या महिन्यातच झाला होता. डॉक्टरांनी वाकू नका, वजन उचलू नका, पडद्याकडे बघू नका असं सगळं सांगितलं होतं, बोलू नका एवढं सांगायचं राहून गेलं होतं. त्यामुळे दुपारपासून तो डोळ्यावर पट्टी लावून उताणा पडला होता आणि ती त्याच्या हुकमाबरहुकूम एकेक खण भरत होती. दुर्बीण कुठली, तिची लांबी किती, मागे लावलेला कॅमेरा कुठला, दुर्बीण जिच्यावर बसते आणि जी तिला तारा जाईल तिकडे वळवते ती बैठक कुठली. या बैठकीला तो गाढव म्हणायचा, कारण विषुववृत्ताजवळ तिचा आस जवळजवळ आडवाच ठेवावा लागतो आणि ती अंगणात झोपलेल्या गाढवासारखी दिसते. या सगळ्या साहित्याची एकत्र बांधलेली मोट म्हणजे प्रोफाइल. एक शाळेसाठी होतं, एक प्रयोगासाठी, आणि एक हे.

चौकटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘नकाशावर पाहा’ असं होतं. न बघता सोडणारी बाई ती नव्हती. तिनं दाबलं. नकाशा हळूहळू भरत गेला, आधी हिरवट, मग पिवळा, मग नुसताच तपकिरी, आणि त्या तपकिरीत एक लाल टाचणी उभी राहिली. टाचणीच्या शेजारी गावाचं नाव होतं, मरालाल.

तर असं आहे, तिच्या मनात आलं, आणि पुढचं काही आलंच नाही. स्वयंपाकघरात अळकुड्या उकडत होत्या, त्यांचा मातकट वास येत होता. मग हळूहळू सगळं यायला लागलं. मरालाल. लग्नाला दुसरं वर्ष होतं, मुरिंगो तीन महिन्यांची होती आणि सर्वेक्षण खात्यानं गिताहीला जमिनीच्या हद्दी आखायला तिकडं वर, सांबुरूंच्या मुलखात, अठरा महिने पाठवलं होतं. अठरा महिन्यांत अकरा पत्रं. तिला अकराच्या अकरा पाठ होती. त्यात विशेष काही कष्ट नव्हते, कारण एकेक पत्र म्हणजे हद्दीच्या खांबांची यादी आणि खाली ‘तुझा’. फक्त सातव्या पत्रात एक ओळ वेगळी होती. ‘इथं थंडी मुळीच नाही. मरालाल आता घरासारखं वाटू लागलंय.’ ते पत्र तिनं मुरिंगोला अंगावर पाजता पाजता वाचलं होतं आणि सासू चुलीपाशी बसून विचारत होती, काय म्हणतोय, आणि ती म्हणाली होती, मजेत आहे. मजेत. मग एक दिवस तो आला, काळाठिक्कर, काटकुळा, आणि हातात दुधाचा भोपळा. रंगीत मण्यांनी मढवलेला, आतून धुरी दिलेला, गळ्याला चामड्याची वादी. कुणी दिला? घरमालकिणीनं. काय नाव तिचं? नैसुला. नाव सांगताना तो जरा अडखळला होता, आणि अडखळलेली गोष्ट बायको विसरत नाही. तो भोपळा एकेचाळीस वर्षं त्याच भिंतीवर टांगलेला होता. आत्ताही होता. ती दर शनिवारी तो पुसायची, म्हणजे आजही सकाळी तिनं नैसुलाचे मणी एकेक करून फडक्यानं पुसले होते. चहाला जरा धूर लागला की गिताही म्हणायचा, वा, मरालालसारखा झालाय. आणि ती आणखी एक कप ओतायची. बावळट ती बावळट. त्या पोस्टिंगवरून परत येताना तो आणखी एक गोष्ट हरवून आला होता, तिच्या बापानं लग्नात त्याला दिलेला लोकरी कोट. चोरीला गेला म्हणाला. तिचा बाप मरेपर्यंत दर ख्रिसमसला विचारायचा, जावईबापू, सापडला का हो चोर?

बरं, तिनं स्वतःला समजावलं, ही चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पण प्रोफाइल चाळीस वर्षांपूर्वीचं नव्हतं ना. ते दोन वर्षांपूर्वीचं होतं. निवृत्त झाल्यावर, नातवंडं झाल्यावर, गुडघे गेल्यावर, एका संध्याकाळी हा माणूस याच टेबलापाशी बसला होता आणि यंत्रानं विचारलं होतं, घर कुठं? आणि त्यानं मरालाल सांगितलं. ती तेव्हा कुठं होती? बहुतेक त्याच्यासाठी चहा करत होती. बाई असेल नसेल, तिला त्याचं एवढं नव्हतं. नैसुला आता असलीच तर सत्तरीची असेल, तिचेही गुडघे गेले असतील. पण घर? हे घर तिनं उभं केलं होतं. मागची खोली तिच्या पगारातून, पाण्याची टाकी तिच्या भांडणातून. आणि हा दोन वर्षं रोज संध्याकाळी या अंगणात खुर्ची टाकून बसत होता, तिच्या हातचं खात होता, आणि मनानं दोनशे साठ किलोमीटर उत्तरेला राहत होता. आपण याचं घर आहोत की नुसता मुक्काम? एवढं एक कळायला हवं होतं. बाकी काही नको.

“बाबा मुरिंगो,” ती मोठ्यानं म्हणाली. मुरिंगोचा बाप, अशीच ती नवऱ्याला हाक मारायची. आवाज ताब्यात होता, वर्गात मागच्या बाकावरून कुजबुज ऐकू आली की लागायचा तसा. “मशीन विचारतंय, कुठलं घर खरं.”

“कुठलं म्हणजे? किती घरं आहेत आपल्याला?”

“तेच मीही विचारतेय.”

“जुनं आहे तेच ठेव. ते डबडं मी वेळेसाठी मागवलंय, ठिकाणासाठी नाही. ठिकाण मी स्वतः मोजलंय, तीन दिवस लागले होते.”

“तीन दिवस.”

“घाईचं काम नव्हतं ते. मनापासून केलंय. त्याला हात लावू नकोस, म्वालिमू.”

आत त्यानं रेडिओ लावला. मनापासून केलंय म्हणे. माणूस इतका उघड बोलतो आणि वर फुटबॉलची कॉमेंटरी ऐकतो.

आणि आज सात वाजता चौदा माणसं येणार होती. पास्टर मुकुंडी, चर्चचे वडीलधारे, त्यांच्या बायका. ही तिसरी खेप. आधी दोनदा गिताहीनं सगळ्यांना शनीची कडी दाखवतो म्हणून बोलावलं होतं, टीव्ही अंगणात टेबलावर मांडला होता, आणि दोन्ही वेळा तेच झालं. शनी पडद्यावर यायचा, लोक आ करायचे, आणि आ पुरा व्हायच्या आत तो डाव्या कडेनं पसार. गिताही त्याला पुन्हा पकडून आणायचा, तो पुन्हा पळायचा. दुसऱ्या खेपेला मझी, म्हणजे आजोबा, वारुइंगे सगळ्यांसमोर म्हणाले, “अहो गिताही, हा तुमचा शनी आहे की मटाटू गाडी? थांब्यावर थांबतच नाही.” सगळे हसले, पास्टरसुद्धा. गिताही नंतर तीन रविवार चर्चला गेला नाही. आधी त्यानं विजेच्या दाबाला दोष दिला, मग गाढवाच्या दातऱ्यांना, मग शेजारच्या कुत्र्याला, ते पळताना जमीन हादरते म्हणून. शेवटी ठरलं की घड्याळ चुकतंय. खरी वेळ मिळाली की गाढव सुतासारखं सरळ चालेल. म्हणून कॅनडाहून डबडं. त्या चौदा माणसांसमोर त्याची लाज राखायला ती दुपारभर इथं बसली होती, आणि तो मरालालला.

मग तिला एक सुचलं, आणि सुचल्याबरोबर फार बरं वाटलं. प्रोफाइलचं नाव बदलायचं. ‘न्युंबानी’ खोडून तिथं ‘मरालाल’ लिहायचं. बोलायचं काही नाही. चार दिवसांनी पट्टी निघेल, तो पडद्यासमोर बसेल, यादी उघडेल, आणि वाचेल. घाम फुटेल. मग ती अगदी शांतपणे विचारेल, दूध किती घालू? तिनं प्रोफाइलचं पान उघडलं. नावाचा खण सर्वात वर होता. त्याच्याखाली अक्षांश, रेखांश. आणि शेजारीच, तुलनेसाठी, जीपीएसनं दिलेले अक्षांश, रेखांश.

प्रोफाइल: १.१७३४, ३६.७६१२.

जीपीएस: उणे १.१७३४, ३६.७६१२.

तिनं बघितलं. खाली बघितलं, वर बघितलं. पहिले काही क्षण तिला फक्त एवढंच वाटलं की आकडे किती सारखे आहेत. मग तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि खुर्चीला पाठ टेकली.

उणे. विषुववृत्ताच्या खाली असलेल्या गावाच्या अक्षांशाआधी उणे लिहायचं, किंवा मागे दक्षिणेचा एस. तेहेतीस वर्षं, दर वर्षी दोन तुकड्या. एस विसरला की अर्धा मार्क कापला. पोरं रडायची, बाई, आपण तर रेषेच्या अगदी जवळ आहोत, एवढ्यातेवढ्यानं काय होतं? आणि ती म्हणायची, जवळ राहणाऱ्यानं तर जास्त सांभाळायला हवं, लंडनवाल्याचं काय जातंय? आणि आज तिनं स्वतः तो लाल ठिपका बघितला, मरालाल हे नाव बघितलं, आणि भूगोल सोडून बाकी सगळं आठवलं. जिथं ती बसली होती ती जागा रेषेवरून आरशासारखी उलटी केली की मरालालच्या वेशीशी पडत होती. एवढंच होतं सगळं. एक आडवी रेघ, तीही नखाएवढी.

आणि गिताहीनं ती का गाळली तेही तिला तिथल्या तिथं कळलं, कारण त्यांची पहिली ओळखच त्या रेघेवरून झाली होती. शाळेची हद्द मोजायला एक किडकिडीत सर्व्हेअर आला होता, आणि तिनं त्याच्या वहीत डोकावून म्हटलं होतं, साहेब, उणे राहिलं. तो अशा रुबाबात म्हणाला होता, मॅडम, आमच्या खात्यात उणे नसतं. जमिनीच्या नकाशांत रेषेच्या खालच्या प्रत्येक आकड्यात आधीच एक भलामोठा आकडा मिळवून ठेवतात, म्हणजे देशात कुणालाच कधी उणे लिहावं लागत नाही. नोकरीभर त्यानं उणे लिहिलं नाही. मोजलं बरोबर, चार दशांशांपर्यंत, आणि वेळ आली तेव्हा बोट उणेच्या कळीवर गेलंच नाही. यंत्र बिचारं म्हणालं, रेषेच्या वरती राहता वाटतं. उत्तरेकडच्या माणसाला आभाळ एका बाजूनं फिरताना दिसतं, दक्षिणेकडच्याला दुसऱ्या. गाढव दोन वर्षं स्वतःला उत्तरेचं समजून आभाळाच्या उलट चालत होतं, आणि शनी पळत नव्हता, हेच त्याच्यापासून पळत होतं.

ती हसायला लागली. आवाज होऊ नये म्हणून तिनं घासणीच तोंडाशी धरली. पण खरं सांगायचं तर हसताना थोडी हळहळही वाटत होती. पाऊण तास ती इतकी सुंदर दुःखी होती, इतकं सगळं नीट जमून आलं होतं, आणि आता त्याचं करायचं काय? भोपळा भिंतीवरून बघत होता. अडखळला मात्र होता तो, तिला वाटलं. नैसुला म्हणताना. ते उणे चिन्हानं कसं पुसायचं? ती उठली, अळकुड्यांखालचा गॅस बंद केला, परत आली आणि जीपीएसचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, ‘गोलार्ध: दक्षिण’. आतून हाक आली, “ठेवलंस ना जुनं?”

“घर आहे तिथंच ठेवलंय,” ती म्हणाली.

सातला अंधार पडला. खुर्च्या मांडल्या, टीव्ही बाहेर आला, अळकुड्या आणि थर्मासभर चहा फिरला. गिताही पट्टी आणि वर काळा चष्मा लावून मधल्या खुर्चीत बसला होता, आणि त्याचे गुडघे हलत होते हे फक्त तिला दिसत होतं. तिनं कळ दाबली. गाढव कुरकुरलं, वळलं, थांबलं. पडद्यावर शनी आला, फिकट पिवळा, कडीसकट. लोकांनी आ केला. आ पुरा झाला, मिटला, तरी शनी तिथंच. कुणीतरी चहाचा घोट घेतला. तरी तिथंच. एक मिनिट गेलं, दोन गेली, अंगणात कुणी हलेना.

“हा फोटो आहे,” मझी वारुइंगे म्हणाले.

“फोटो कसा असेल?” गिताही म्हणाला.

“मागच्या वेळी पळत होता तेव्हा खरा वाटत होता. हा बघा, बसलाय. देवाचं काही असं बसत नसतं, आणि तुमचं तर नाहीच नाही.”

पास्टर मुकुंडी घसा खाकरून म्हणाले, “मझी गिताही, तुमच्यावर आमचा विश्वास आहेच. पण हे आधी भरून ठेवलेलं तर नाही ना?”

गिताही उठायला लागला आणि तिनं त्याला खांद्याला धरून खाली दाबलं, वाकायचं नाही म्हणून. दोन वर्षं पळतो म्हणून हसले, आता थांबतो म्हणून संशय. ती दुर्बिणीपाशी गेली आणि नळीच्या तोंडावर पोळपाटाएवढा हात पसरून धरला. शनी गेला. हात काढला. शनी आला. “वारुइंगे, या,” ती म्हणाली. “तुम्ही लावा हात.” ते आले, घाबरत घाबरत पंजा धरला, टीव्हीकडे मान वळवली, आणि पडदा काळा झालेला बघून पंजा तसाच धरून राहिले. बायको ओरडली, “अहो, काढा आता, आम्हाला बघू द्या.” मग ज्यानं त्यानं हात लावून बघितला. पास्टरांनी दोनदा लावला. जाताना वारुइंगे गिताहीला म्हणाले, “उद्या चर्चला माझ्या शेजारी बसा.” यापेक्षा जास्त ते कुणालाच म्हणत नाहीत.

सगळे गेल्यावर दोघंच उरली. गिताही फुलून गेला होता. “मी सांगत होतो,” तो म्हणाला, “वेळेचाच प्रश्न होता. ठिकाण बरोबरच होतं.”

सोडून द्यावं असं तिला वाटलं. पण अर्धा मार्क तिनं आयुष्यात कुणाला सोडला नव्हता. “बाबा मुरिंगो,” ती म्हणाली, “तुझ्या मशीनमध्ये आपलं घर दोन वर्षं मरालालला होतं.”

त्याचे गुडघे हलायचे थांबले. तिला वाटलं आता हिशोब करील, बोटांवर मोजील, उणे म्हणेल. तो तसं काहीच म्हणाला नाही. टीव्हीकडे तोंड करून अगदी बारीक आवाजात म्हणाला, “म्हणजे तुला कोटाचं कळलं.”

“कुठल्या कोटाचं?” ती म्हणणार होती. तिनं तोंड मिटलं. पोर आपणहून बोलायला लागलं की बाईंनी गप्प बसावं, हे ती वर्गात शिकली होती.

“चोरीला नव्हता गेला,” गिताही म्हणाला. “बाजारात एक बाई भोपळे विकत होती. त्या एका भोपळ्यावर इतकं काम होतं, मला वाटलं, हा न्यागुथीच्या भिंतीवर पाहिजे. तिला पैसे नको होते, कोट हवा होता तिच्या म्हाताऱ्यासाठी. दिला. आणि मग घरी काय सांगणार, सासऱ्याचा कोट भोपळ्याला दिला म्हणून? घरमालकीण म्हटलं. नाव सुचेना, जे सुचलं ते सांगितलं. माझा घरमालक तर पुरुष होता, मिशीवाला.”

“आणि थंडी?”

“कसली थंडी?”

“सातव्या पत्रात लिहिलंस, इथं थंडी मुळीच नाही.”

“मरत होतो मी थंडीनं,” तो म्हणाला. “हद्दीवर गेलो की तंबूत नकाशे अंगावर घेऊन झोपायचो. तुला लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस, कोट कुठं आहे?”

तिला हसू येत होतं आणि डोळेही चुरचुरत होते, आणि आता घासणी जवळ नव्हती. बापाची आठवण आली, दर ख्रिसमसला चोर विचारणारा. “अर्धा मार्क कापते,” ती म्हणाली.

“कोटाचा?”

“दक्षिणेचा एस राहिला होता त्याचा. कोटाचं वेगळं बघू.”

त्याला काय कळलं, काय नाही, कोण जाणे. काळ्या चष्म्याआडून तो पडद्याकडे बघत होता, आणि शनी तिथंच होता, जिथं सातला होता तिथं. चहाच्या मळ्यांवरून धुकं वर यायला लागलं होतं, गवत ओलं झालं होतं. गिताहीनं हात काखेत घेतले.

“थंडी वाजतेय का?” तिनं विचारलं.

“मुळीच नाही,” तो म्हणाला.

ती आत गेली आणि कांबळं घेऊन आली.